दूरस्थ कचेरी आणि सचिवाचे लेखनकौशल्य

‘सचिव’ आणि ‘चिटणीस’ हे दोन शब्द आजच्या मराठीत जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले जातात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने मात्र ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. संस्कृतातील ‘सच्’ या धातूचा अर्थ सोबत असणे, बरोबर जाणे असा आहे; त्यावरून सिद्ध झालेला ‘सचिव’ हा मूळचा सोबती, सहचर. ‘चिटणीस’ हा शब्द फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा या पदावरून बनला. चिठ्ठीचपाटी लिहिणारा तो चिटनवीस, आणि पुढे चिटणीस. पहिल्या शब्दात सान्निध्याला महत्त्व आहे, दुसऱ्यात लेखनाला. जोवर ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे एकवटलेली होती तोवर हा भेद कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर बसलेला सचिव निम्मे काम लेखणीने करी आणि निम्मे तोंडाने. कागद अपुरा असला तर तो आत जाऊन चार वाक्यांत त्याची पूर्तता करी. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि असंख्य कचेऱ्यांतील ही सोबत एकाएकी मोडली. टाळेबंदी पुढे उठली. पण काही दिवस घरून व काही दिवस कचेरीतून काम करण्याची मिश्र पद्धती पुष्कळ ठिकाणी कायम राहिली. सान्निध्य गेल्यानंतर सचिवाजवळ जे उरते ते लेखन. ते संगणकावर कसे करावे, त्यासाठी कोणती कौशल्ये अंगी असावी लागतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न पुण्यामुंबईच्या मोठ्या कंपन्यांपुरता आहे असा एक समज रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर वसलेले सोनगीर हे गाव घेतले तरी हे स्पष्ट होईल. डोंगरी किल्ला आणि तांब्यापितळेची भांडी यांसाठी खानदेशात सर्वांच्या परिचयाचे असलेले हे गाव. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये अशा प्रत्येक गावाच्या पंचायतीला सचिव असतो. त्याला ग्रामसेवक म्हणत, मोठ्या गावी ग्रामविकास अधिकारी म्हणत. २०२४ मध्ये शासनाने ही दोन्ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले. हा सचिव नोकर जिल्हा परिषदेचा, त्याचे वरिष्ठ धुळ्याला, त्याचे दप्तर गावात, आणि ज्यांच्या सहीवाचून त्याचे पान हलत नाही ते सरपंच बहुधा आपल्या शेतात किंवा दुकानात. अनेकदा त्याच्याकडे शेजारच्या गावाचाही अतिरिक्त कार्यभार असतो. म्हणजे ज्या विखुरलेल्या कचेरीचा आज एवढा गाजावाजा होतो तीत हा माणूस पहिल्यापासूनच वावरत आहे. त्याही पूर्वीचा विचार केला तर गावचा कुलकर्णी आपले दप्तर रुमालात बांधून घरीच ठेवीत असे. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने नष्ट झाली, तेव्हा कोठे गावाचे कागद घराबाहेर आले. घरून काम करणे ही गोष्ट या भूमीत नवी नाही. नवे आहे ते कामाचे साधन.

हे साधन टप्प्याटप्प्याने आले. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायतींत संगणक नेले. नमुना १ ते ३३ या नोंदवह्या, ज्यांत कर आकारणीचा नमुना ८ प्रत्येक घरमालकाच्या परिचयाचा आहे, त्या हळूहळू संगणकावर चढू लागल्या. २४ एप्रिल २०२० रोजी ‘ई-ग्रामस्वराज’ ही देशव्यापी प्रणाली सुरू झाली आणि गावाचा आराखडा, जमाखर्च व देयके एकाच ठिकाणी आली. तेव्हापासून सोनगीरच्या सचिवाने भरलेला आकडा धुळे, मुंबई आणि दिल्ली येथे एकाच क्षणी वाचता येतो. परंतु तो वाचणारा अधिकारी सचिवाला ‘हे असे का?’ म्हणून समोरासमोर विचारू शकत नाही. पूर्वी जे बोलून भागत असे ते सर्व आता लिहिले गेले पाहिजे, आणि ते अशा रीतीने लिहिले गेले पाहिजे की लिहिणाऱ्याच्या अनुपस्थितीतही वाचणाऱ्याला त्याचा एकच अर्थ लागावा.

या दृष्टीने पहिली अडचण संगणकातील फायलींच्या नावांची आहे. ‘पाणीपुरवठा नवीन’, ‘पाणीपुरवठा अंतिम’, ‘पाणीपुरवठा अंतिम दुरुस्त’ अशी नावे कोणत्याही कचेरीच्या संगणकात हमखास आढळतात. ज्याने ती दिली त्याला त्या दिवशी त्यांचा अर्थ स्वच्छ असतो. महिन्याभराने त्यालाही नसतो, आणि दूर बसलेल्याला तर कधीच नसतो. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना या दुखण्याची चांगली ओळख आहे. पेशवेकाळातील असंख्य पत्रांवर मुसलमानी महिना व चंद्र एवढाच निर्देश असतो, वर्ष नसते. पत्र पाठविणाऱ्याला व घेणाऱ्याला साल ठाऊकच होते; ते लिहिण्याची त्यांना गरज वाटली नाही. वि. का. राजवाड्यांनी आपले अखेरचे दिवस ज्या धुळ्यात काढले आणि १९२६ मध्ये देह ठेवला, त्याच धुळ्यात त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संशोधन मंडळाच्या दप्तरांत असे कागद पाहावयास मिळतात. त्यांची साले ठरविण्यात संशोधकांचे किती श्रम खर्ची पडले हे त्या क्षेत्रातील लोक जाणतात. ‘अंतिम’ या नावाची फाइल ही याच जातीची आहे.

यावरचा उपाय साधा आहे. नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर विषय, शेवटी आवृत्तीचा अंक. ‘२०२६-०१-२६ ग्रामसभा इतिवृत्त ०२’ असे नाव दिले की फायली आपोआप कालक्रमाने लागतात आणि दुसरी आवृत्ती कोणती हे विचारावे लागत नाही. आकडे मराठी वापरावयाचे की इंग्रजी, हे एकदा ठरवून सर्वत्र तेच ठेवावे. डोळ्यांना ‘१’ आणि इंग्रजी एक हे एकच. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हे आहेत, आणि एकाने शोध घेतला तर दुसरे सापडेलच असे नाही.

येथे टंकलेखनाचा प्रश्न येतो. त्याचा विचार थोड्या विस्ताराने केला पाहिजे, कारण मराठी सचिवाची खरी अडचण येथेच आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

जुन्या देवनागरी टंकलेखनयंत्रावर अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने उमटवावी लागत. ‘विहीर’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग ‘व’. ‘कर्ज’ लिहिताना आधी ‘क’ आणि ‘ज’, मग वरचा रफार. यंत्राला भाषा कळत नव्हती. ते फक्त ठसे मारीत होते. संगणकावरील इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ मध्ये तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्थिरावला. त्याचा क्रम नेमका उलट, म्हणजे कानाचा आहे. ‘वि’ उच्चारताना प्रथम ‘व्’ येतो आणि मग ‘इ’. म्हणून आधी ‘व’ आणि मागाहून वेलांटी. ‘कर्ज’मध्ये ‘र’चा उच्चार ‘ज’च्या आधी होतो, म्हणून कळही ‘र’चीच आधी दाबावयाची. या कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आहेत; ‘क’ आणि ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’, ‘प’ आणि ‘फ’ एकाच कळीवर आहेत. वर्णमालेची शास्त्रीय रचना ज्याला ठाऊक आहे त्याला तो चार दिवसांत येतो. ज्याची बोटे वीस वर्षे ठशांच्या क्रमाने चालली आहेत त्याला मात्र तो जड जातो, आणि त्यात त्या माणसाचा दोष नाही. डोळ्यांचे वळण मोडून कानाचे वळण लावून घेणे हा प्रौढ वयातला मोठा बदल आहे. प्रशिक्षण देणाऱ्यांनी तो समजून न घेता जुन्या टंकलेखकांना ‘संगणक जमत नाही’ म्हणून हिणवावे, हे अन्यायाचे आहे.

या बदलाला टाळण्याची एक पळवाट निघाली आणि तिने पुढे फार नुकसान केले. टंकलेखनयंत्राच्या क्रमाने चालणारे मराठी फाँट निघाले. त्यांत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठविलेली असत. त्यांच्यावर मराठी ठशांचे मुखवटे चढविलेले असत, एवढेच. ज्या संगणकावर तो फाँट आहे तेथे मजकूर मराठी दिसे. फाँट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन खिचडी. कचेरी एका खोलीत होती तोवर हे चालून गेले, कारण छापलेला कागद हातोहात दिला जाई. कचेरी विखुरल्यावर गावात लिहिलेला ठराव जिल्ह्याच्या ठिकाणी वाचता येईना. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. तीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा अंक असतो, आणि मुखवट्याचा प्रश्नच उरत नाही. दूरस्थ सचिवाला संगणकाची एकच गोष्ट शिकविण्याइतका वेळ असेल तर ती युनिकोडमध्ये लिहिणे ही असावी.

तथापि युनिकोड आले म्हणजे सर्व साधले असेही नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्यावा. ग्रामपंचायतीच्या ठरावांत तो पदोपदी येतो. त्यातील अर्ध्या ‘र’ची आडवी खूण दोन प्रकारांनी साठविता येते. ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडावा, हा एक प्रकार. साध्या ‘र’ला हलन्त व त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह द्यावे, हा दुसरा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एक प्रकार लिहिला तर दुसऱ्या प्रकारचे ठराव बहुधा सापडत नाहीत, आणि सचिव प्रामाणिकपणे ‘असा ठराव दप्तरी नाही’ असे कळवून मोकळा होतो. शिवाय एका संगणकावरून दुसऱ्यावर मजकूर नेताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले तर ‘आचाऱ्यांना’ मानधन देण्याऐवजी ते ‘आचार्यांना’ दिले जाते. पहिला प्रकार सर्वांनी पाळावा, एवढेच येथे सांगता येईल.

मराठी व्याकरणाचाही या शोधाशी निकटचा संबंध आहे. ‘जमीन’ या शब्दाने शोध घेतला तर ‘जमिनीचा’, ‘जमिनीवरील’ ही रूपे सापडत नाहीत, कारण सामान्यरूपात दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो. ‘विहीर’ आणि ‘विहिरीची’, ‘वकील’ आणि ‘वकिलाला’ यांची तीच गत. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याचा’ हाती लागत नाही. शासकीय पत्रांचा विषय ‘गायरान जमिनीवरील अतिक्रमण दूर करण्याबाबत’ असा लिहिण्याची प्रथा आहे. तीत महत्त्वाचा शब्द नेमका विभक्तीत अडकतो. पत्राच्या विषयात ही प्रथा राहू द्यावी, परंतु फाइलीच्या नावात ‘गायरान, जमीन, अतिक्रमण’ असे शब्द प्रथमेत ठेवावेत. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज आला आणि मुदत धावू लागली की या क्षुल्लक वाटणाऱ्या सवयीची किंमत कळते. गावांच्या व माणसांच्या नावांचेही असेच आहे. ‘सोनगीर’ कोणी ‘सोनगिर’ लिहितो, रोमन लिपीत तर आणखीही पाठभेद होतात. आणि आधारपत्रावरचे नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळले नाही म्हणून वृद्ध माणसाला हेलपाटे पडतात. सचिवाने मूळ कागदावरील लेखन जसेच्या तसे उतरवावे, आपल्या मनाने शुद्ध करू नये.

लेखनानंतर स्वाक्षरी. मराठेशाहीच्या पत्रांच्या अखेरीस मोर्तब उमटविले जाई. पत्र येथे संपले, यापुढे कोणी काही जोडलेले नाही, याची ती खूण. अंकीय स्वाक्षरीचे कार्य याहून व्यापक आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने मान्य केलेल्या या स्वाक्षरीत संपूर्ण मजकुरातून गणिताने एक ठसा काढला जातो आणि धारकाच्या खासगी किल्लीने तो मुद्रित होतो. मजकुरातला एक अनुस्वार जरी मागाहून बदलला तरी ठसा जुळत नाही आणि लबाडी उघड होते. कागदावरील सहीचे छायाचित्र काढून मजकुराखाली चिकटविणे म्हणजे अंकीय स्वाक्षरी नव्हे. त्यात कोणतेच संरक्षण नाही. हा भेद अद्याप पुष्कळांना ठाऊक नाही.

ही किल्ली एका लहानशा उपकरणात असते आणि पासवर्डाने उघडते. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळापासून ग्रामपंचायतींची देयके ई-ग्रामस्वराजवरून सचिव व सरपंच अशा दोघांच्या अंकीय स्वाक्षऱ्यांनी निघू लागली. दोन स्वाक्षऱ्यांचा हेतू उघड आहे : एकाने तयार करावे, दुसऱ्याने तपासावे. सरपंच शेतावर, सचिव दुसऱ्या गावी, आणि संगणक चालविणारा तेवढा जागेवर, अशी स्थिती असली की दोन्ही उपकरणे व त्यांचे पासवर्ड त्या तिसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा मोह होतो. तसे झाले की दोन माणसांची तपासणी कागदोपत्री उरते. पैसे प्रत्यक्षात एकच हात काढीत असतो, आणि त्याचे नाव कोठेही नसते. किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी कायद्याने धारकावर टाकलेली आहे. पुढे अपहार निघाला तर ‘उपकरण दुसऱ्याजवळ होते’ हा बचाव फारसा टिकणारा नाही. निरक्षर वा अल्पशिक्षित सरपंच असतील, विशेषतः प्रथमच निवडून आलेल्या महिला सरपंच असतील, तर सचिवाची जबाबदारी वाढते. त्यांची किल्ली सांभाळणे ही मदत नव्हे. देयकातील रक्कम, नाव व काम त्यांना वाचून दाखवून, मग त्यांच्याच हाताने पासवर्ड भरविणे ही मदत होय. वेळ अधिक लागतो, लागू द्यावा.

दूरदृश्य सभांचा विषय वेगळा आहे. टाळेबंदीच्या काळात त्या सर्वत्र सुरू झाल्या आणि वरिष्ठांच्या आढावा बैठकी तर तेव्हापासून बहुधा तशाच होतात. इतिवृत्त लिहिणाऱ्याला यात एक भाषिक धोका आहे. मराठी वाक्यात क्रियापद अखेरीस येते आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘हा प्रस्ताव आम्हाला मान्य नाही’ या वाक्यातील पहिले चार शब्द ऐकू आले आणि पाचव्या शब्दाला आवाज तुटला, तर विरोधाचे रूपांतर संमतीत होते. ग्रामीण भागातील जोडणीत आवाज तुटणे ही नित्याची गोष्ट. म्हणून प्रत्येक निर्णय सभा चालू असतानाच एका पूर्ण वाक्यात वाचून दाखवावा आणि सूचक व अनुमोदक यांच्याकडून तोंडी होकार घ्यावा. ग्रामसभेत ठराव वाचून दाखविण्याची जुनी रीत हेच साधीत होती.

अलीकडे बोललेले शब्द आपोआप लिहून देणारी आणि सभेचा गोषवारा तयार करणारी साधने आली आहेत. प्रमाण मराठीसाठी त्यांचा उपयोग होतो, आणि बोटे न वळणाऱ्या जुन्या टंकलेखकाला तर ती मोठाच आधार आहेत. परंतु सोनगीरच्या ग्रामसभेत लोक अहिराणीत बोलतात. ‘घरमा पानी नही’ ही तक्रार प्रमाण मराठीवर घडविलेल्या यंत्राला नीट कळेलच असा भरवसा नाही. अनोळखी शब्दाच्या जागी ते जवळचा ओळखीचा शब्द बेधडक बसविते. चुकीचा शब्द निरर्थक असता तर सापडला असता. तो अर्थपूर्ण असतो, म्हणून निसटतो. अहिराणीत बोललेले ऐकून ते प्रमाण मराठीत लिहिणे हे खानदेशातील सचिवाचे जुने कौशल्य आहे. ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, आणि तूर्त तरी त्याला पर्याय नाही.

व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या आदेशांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ते बोलण्याच्या जातीचे लेखन आहे. त्याला जावक क्रमांक नसतो, आणि दूरध्वनी हरवला की तेही हरवते. ज्या आदेशावर कार्यवाही करावयाची तो ईमेलने मागवून घ्यावा. निदान तारीख, वेळ व देणाऱ्याचे पदनाम आवक नोंदवहीत टिपून ठेवावे. दप्तराच्या प्रतीबाबतही एक नियम पुरेसा आहे : एक प्रत कचेरीत, दुसरी अन्यत्र. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या. जे राज्याच्या मुख्य कचेरीत घडले ते गावच्या एका खोलीच्या कचेरीत घडणार नाही असे समजण्यास आधार नाही.

या सर्वांचे शिक्षण कोठे मिळते? राज्यात २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम चालू झाला आणि त्याने लक्षावधी लोकांची संगणकाविषयीची भीती घालविली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. शासकीय भरतीत मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द असावा अशी अट असते. वेग मोजणे सोपे आहे, म्हणून तो मोजला जातो. लिहिलेले सहा महिन्यांनी सापडते काय, दुसऱ्या संगणकावर वाचता येते काय, याची परीक्षा कोणी घेत नाही. ती घेणे अवघडही नाही. उमेदवाराला शंभर फायलींचे एक दप्तर द्यावे आणि त्यातून अमक्या विहिरीसंबंधीचा ठराव दहा मिनिटांत काढावयास सांगावे.

एका कामाला मात्र थांबण्यास वेळ नाही. कुलकर्ण्यांची दप्तरे मोडीत होती. कचेऱ्यांतून व शाळांतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत ती वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ मध्ये स्थान मिळाले, तेव्हा ती प्रायः संशोधकांची लिपी होऊन बसली होती. संगणकाच्या आरंभकाळात जुन्या फाँटांत लिहिलेल्या ग्रामपंचायतींच्या फायली आज त्याच वाटेवर आहेत. ज्या संगणकांवर ते फाँट बसविलेले होते ते एकामागून एक मोडीत निघत आहेत, आणि कोणत्या फाइलीला कोणता फाँट लागतो हे सांगणारे सचिव निवृत्त होत आहेत. त्या फायली युनिकोडमध्ये उतरवून देणारी साधने उपलब्ध आहेत. उतरविल्यानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे या तीन ठिकाणी प्रत्येक ओळ मूळ छापील कागदाशी ताडून पाहावी लागते. हे काम घरी बसूनही करता येते, मात्र त्यासाठी मूळ कागद हाताशी असावा लागतो आणि तो गावच्या कपाटातच असतो.